सोनचाफ्याच्या मातीची बखर

श्रीधरित्री समर्थ. जिच्या पोटी सर्वांचे बीज आणि जिच्या पाठीवर सर्वांचे पाय, तीस दंडवत घालून सांगणे ऐसे जे, शके १९४४, शुभकृत् नाम संवत्सरे, चैत्रमासी, एका बंगलीच्या परसात राज्य नांदत होते. राज्य लहान, परंतु तोरा मोठा. गादीवर कुमुदिनीबाई. त्यांचे यजमान श्रीनिवासपंत कारभार पाहात, म्हणजे बाई सांगतील ते करीत. राज्याचा लौकिक झाडलोटीचा. बाईंनी पहाटे खराटा हाती धरावा आणि आंब्याफणसाचे एक पान भुईवर राहू देऊ नये आणि सारा पाचोळा कोपऱ्यात नेऊन काडी लावावी आणि मग चहास बैसावे. सांडला भात वेचून खावा ऐसी जागा. सारी आळी वाखाणीत असे.

परंतु त्याच राज्यात माहेरचा सोनचाफा पिवळा पडो लागला. रोप बाईंच्या आईच्या हातचे, आणि आई जाऊन वर्षही जाहले नव्हते, म्हणून बाईंचा जीव टांगणीस लागला. मग पंतांनी ठिकठिकाणची माती उकरून, कालवून, सावलीत वाळवून परीक्षेस धाडिली. निकाल आला की, माती उपाशी आहे, सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीचा कस, नावापुरता, पाणी धरवत नाही. बाईंस फार लागले. म्हणाल्या, "इतकी निगा राखते मी, आणि उपाशी कशी?"

मग मोहीम मांडिली. शेणखत आले आणि गांडूळखत आले आणि निंबोळी पेंड आली, आणि दर रविवारी बाईंनी आपल्या हाती पसरावे, आणि सोमवारी पहाटे शिरस्त्याप्रमाणे झाडावे. पावसाळा सरला. पुन्हा माती धाडिली, तो निकाल जैसे थे. बाईंनी खतवाल्यास लबाड ठरविले. मग एके सोमवारी पंत ओट्यावर दात घासीत उभे असता त्यांच्या नजरेस पडले की, खराट्यापुढे कालचे खत पाचोळ्यासंगे चालिले आहे.

"अगं, रविवारी वाढतेस आणि सोमवारी ताट ओढून घेतेस," पंत म्हणाले. "वर काडी लावतेस ती वेगळीच."

बाईंचा चहा निवून गेला. खराटा खाली ठेवणे म्हणजे आळीत नाक कापून घेणे, हे त्या पुरते जाणून होत्या. शेवटी उठल्या आणि खराटा खुंटीस टांगिला आणि म्हणाल्या, "लोक हसले तर हसू देत. आईचा चाफा जगला पाहिजे."

तेव्हापासून पाने पडली तेथेच राहू लागली आणि भाजीची देठे त्याखाली जाऊ लागली. माती काळी जाहली, गांडुळे वस्तीस आली आणि चाफ्यास पालवी फुटली. बाई रोज पान हाताने सारून खालची ओल पाहात आणि सुखावत.

मार्गशीर्षी लेकीच्या सासूबाई सुलभाबाई मुक्कामास आल्या. परस पाहून हलकेच पुसिले, "कामवाली सुटली वाटतं?" बाईंचा जुना मान आडवा आला. त्या म्हणाल्या, "हो ना." हे एक खोटे पुढे भोवले.

दुसरे दिवशी पहाटे खराट्याचा आवाज ऐकून बाई उठोन धावल्या. पाहतात तो विहीणबाईंनी पदर खोचून सारे परस लख्ख केले आहे, कोपऱ्यात ढीग रचिला आहे आणि हाती काडेपेटी आहे. बिचारीचा हेतू निर्मळ. तिला चुकलात म्हणावे कैसे, आणि विहिणीचा हात धरावा तरी कैसा? लेक त्या घरी नांदते. मग बाईंनी विचार केला नाही. नेसत्या पातळानिशी सरळ चालत गेल्या आणि त्या ढिगावर मांडी घालून बैसल्या.

"कामवाली नव्हतीच कधी," बाई म्हणाल्या. "मीच झाडायची, आणि जाळायची. त्यापायी माझ्या आईचा चाफा मरत होता. आता काडी लावायचीच असेल तर मलाही लावा."

सुलभाबाईंनी काडेपेटी कमरेस खोचिली आणि म्हणाल्या, "सरका थोडं. माझी कंबर धरलीय." आणि शेजारी बैसल्या.

पंतांनी दोघींस चहा तेथेच नेऊन दिला. येणेप्रमाणे काडी न ओढिता राज्य राखिले आणि सोयरीकही राखिली. जैसे घडले तैसे लिहिले, पदरचे फारसे घातले नाही. इति.