शून्य टक्के महागाई आणि शिकाऊ खार

एका जंगलात घडलेली ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे, मुलांनो. आईशप्पथ. म्हणजे हा पहिला अंदाज झाला. सुधारित अंदाज बासष्ट टक्के आहे. अंतिम आकडा कोणी मागू नये.

तर त्या जंगलात सरकार होतं. सरकारात अर्थखातं होतं. आणि अर्थखात्याने एक योजना काढली. नोकरी करता करता पदवी! चार दिवस कचेरीत काम, शुक्रवारी वडाखालच्या कॉलेजात अर्थशास्त्र. तीन वर्षांनी पदवी हातात. फी नाही, उलट रोज ओंजळभर शेंगा.

चारशे अर्ज आले. निवड झाली मंजिरी नावाच्या एका खारीची. ती उंबरावर राहायची. घरी आई आणि तीन धाकटी भावंडं.

आईने फांदीफांदीवर जाऊन सांगितलं, "आमची मंजू सरकारात लागली. आता जंगलाचं अर्थकारण तीच बघणार."

पहिलं वर्षभर मंजूने टाचण्या बघितल्या.

खात्याच्या उपसंचालक होत्या घोरपड मॅडम. खुर्चीला धरून बसल्या की चार हत्तींना सुटायच्या नाहीत. दर आठवड्याला 'मी काय शिकले' ही वही भरून मॅडमची सही घ्यायची, असा नियम होता. सह्या कमी पडल्या की पदवी गेली.

मंजूने लिहिलं, 'गंजलेली टाचणी कशी ओळखावी.'

मॅडमनी सही केली. खाली शेरा मारला, 'विषयाची जाण उत्तम.'

दुसऱ्या वर्षी मंजूला खरं काम मिळालं. महागाई मोजायचं. बाजारात जायचं, वीस जिनसांचे भाव लिहून आणायचे. करवंदं, बोरं, चारोळी, मोहाची फुलं वगैरे. भाव अर्थात चिंचोक्यांत.

या आकड्यावर बरंच काही अवलंबून होतं. महागाई दहा टक्क्यांच्या वर गेली, की महाराजांचं राखीव कोठार उघडायचं आणि सगळ्यांना फुकट धान्य वाटायचं, असा कायदा होता. महाराज म्हणजे सिंह. त्यांना स्वतःला धान्य चालत नव्हतं, म्हणून कोठार अजून भरलेलं होतं.

आणि त्याच वर्षी जंगलातला सगळा मोहोर करपला.

मंजू बाजारातून धावत आली. "मॅडम, करवंदं मिळालीच नाहीत. एकसुद्धा नाही!"

"मग मागच्या महिन्याचा भाव टाक."

"पण करवंदंच नाहीत."

"अगं, नोंद मिळाली नाही की मागची नोंद पुढे ओढायची. खात्याचा नियम आहे."

"कॉलेजात तर सांगितलं, माल कमी झाला की भाव वाढतो."

"ते शुक्रवारचं," मॅडम म्हणाल्या. "आज मंगळवार आहे."

पुढच्या महिन्यात बोरं गेली, चारोळी गेली. मंजूने मागचे भाव पुढे ओढले. महागाई आली चार टक्के.

ती घरी आली, तर आई झाडाची साल उकळत होती. भावंडं भांड्याकडे बघत बसली होती.

"तुमच्या त्या कोठाराचं काय झालं गं?"

"आई, महागाई चारच टक्के आहे."

"कुठे आहे? मला दाखव. मी जाऊन राहते तिथे."

धाकट्याने विचारलं, "ताई, टक्के खातात का?"

मंजूला झोप आली नाही. सकाळी तिने झाडाच्या ढोलीतून एक बोर काढलं. घरातलं शेवटचं. ते आईच्या हातात दिलं. "बाजारात विकायला बस. मामा येईल. नव्वद चिंचोक्यांच्या खाली द्यायचं नाही."

मामाने नव्वद चिंचोके मोजले. मंजूने भाव लिहिला. गेल्या खेपेला बोराचा भाव होता दोन चिंचोके. महागाई एकदम दोनशे चोवीस टक्क्यांवर गेली. आता कोठार उघडणार!

मॅडमनी कागद डोळ्यांजवळ धरला.

"हा भाव विचित्र आहे."

"पण खरा आहे, मॅडम. माझ्यासमोर विकलं गेलं."

"विचित्र भाव गाळायचा. गाळला की नोंद उरत नाही. नोंद उरली नाही की?"

"मागची पुढे ओढायची," मंजू हळूच म्हणाली.

"शाब्बास! आण ती वही, सही करते."

पुढच्या महिन्यात मंजू बाजारात गेली, तर बाजारच नव्हता. एक माकड होतं, ते रिकाम्या टोपल्या खात होतं. वीसच्या वीस भाव मागचेच लागले. महागाई शून्य टक्के.

महाराजांनी भाषण केलं. जंगलाच्या इतिहासात प्रथमच वगैरे. मॅडमना शाल मिळाली. टाळ्या वाजवायला फारसं कोणी नव्हतं, तेव्हा मागच्या वर्षीच्या टाळ्या नोंदवून घेतल्या.

मंजू घरी आली. आईने बोचकं बांधलं होतं.

"नदीपलीकडे जांभळं आहेत म्हणतात. मी पोरांना घेऊन निघाले. तुझं तू बघ. पदवीला एक वर्ष राहिलंय."

मंजूने धाकट्याकडे बघितलं. त्याची शेपूट त्याच्यापेक्षा जाड दिसत होती. तिने त्याला पाठीवर घेतलं.

"चल आई."

"अगं, आणि राजीनामा?"

"त्याचा अर्ज मागायला गेले होते. छापील अर्ज मागच्या महिन्यात संपलेत, आणि नवे आल्याची नोंद नाही."

नदीपलीकडे खरंच जांभळं होती. फुकट नव्हती, पण होती. वर्षभरात भावंडं गुबगुबीत झाली.

आणि त्यानंतर आठ-नऊ महिन्यांनी एक दिवस खात्यातला जुना कारकून, कासव, तिथे पोचला. आठ महिने चालत होता. त्याने पाठीवरून दोन लखोटे काढले.

पहिल्यात पदवी होती. प्रथम श्रेणी. हजेरी शंभर टक्के.

"कासवकाका, मी तर तिथे नव्हते!"

"तुझ्या जाण्याची नोंद नाही, पोरी. वर्षभर रोज हजेरी पुढे ओढली. गुण पण ओढले."

दुसऱ्यात नेमणूक होती. उपसंचालक, अर्थखातं.

"आणि घोरपड मॅडम?"

कासवाने मान थोडी आत घेतली. "महाराजांना बरेच दिवस शिकार मिळाली नव्हती. त्यांनी मॅडमना जेवायला बोलावलं. खुर्ची सुटली नाही, तेव्हा खुर्चीसकट."



आईने विचारलं, "मग? जाणार का गं नोकरीवर?"

मंजूने जांभळाची बी थुंकली.

"जायचं कशाला? मी तिथेच आहे की."

तात्पर्य : मन लावून शिकलं, तर पदवी मिळते. वेळेवर पळून गेलं, तर बढतीही मिळते.

चला, आता दहा-दहा रुपये काढा. मागच्या गोष्टीला दिले होते ते पुढे ओढा म्हणता? अरे वा! हे सरकार नाही, इथे रोख लागतात.