सदतीस अंशांचे अस्वलसर

एका जंगलात, बाळांनो, माशांच्या आजारांची प्रयोगशाळा होती. प्रमुख होते अस्वलसर. त्यांना चाळीस वर्षांचा अनुभव होता. दर अर्ध्या तासाने ते तो सांगायचे.

एक दिवस रुपाली नावाची सॅमन मासोळी काठाशी आली.

"सर, माझी पोरं मरतायत हो! पोटं फुगतात, डोळे बाहेर येतात. औषध द्या."

"जंतू दिसल्याशिवाय औषध नाही," सर म्हणाले. "नियम आहे."

मेलेल्या पोराचा नमुना घेतला. जंतूंच्या खाद्याच्या बशीत पसरला. बशी उबेच्या पेटीत ठेवली, सदतीस अंशांवर.

आता हा जंतू गार पाण्यातला. पंधरा अंशांत खूश. वाढणार तेही महिनाभर रमतगमत. पेटीत शिरताच तो ओरडला, "अहो, उकडतंय! दार उघडा कुणीतरी!" आणि मेला.

दोन दिवसांनी अहवाल निघाला. जंतू नाही. मासे मनाने खचून मरत आहेत.

तिथे चिंगी नावाची पाणमांजर संशोधक होती. ती म्हणाली, "सर, मासे गार पाण्यात राहतात. जंतूही गारच ठेवायला नको का?"

"मी सदतीसचा. माझे गुरुजी सदतीसचे. इथे आजवर सगळं सदतीसवरच उगवलंय."

"काय उगवलंय?"

"तुमच्या पिढीला प्रश्नच फार!"

चिंगीने त्याच नमुन्याची दुसरी बशी झाकून धबधब्यामागच्या गार कपारीत ठेवली. महिन्याने तीत पांढरे ठिपके उठले. ती धावत आली.

"सर, हा बघा जंतू!"

"महिनाभर बाहेर? घाण बसली असेल." सरांनी बशी उकळत्या पाण्यात टाकली.

"परत उकाडा!" ठिपके किंचाळले.

चिंगीला त्याच दिवशी काढून टाकलं. कारण, उद्धटपणा. जाताना तिने कपाटातली औषधाची बाटली उचलली. जंतू कोणता ते तिला आता माहीत होतं.

तोवर नदीतले बाकीचे सॅमन मेले होते. रुपालीच्या दोनशे पोरांपैकी अकरा उरली होती.

"औषध देऊन आम्हाला खाणार नाहीस ना गं?" रुपालीने विचारलं.

"खाईन की. पण आधी बरे तर व्हा."

अकराही बरी झाली. रुपाली त्यांना घेऊन शेजारच्या नदीत गेली, आणि चिंगीपासून जरा लांबच राहिली.

मग माशांचा हंगाम आला. दरवर्षीसारखे अस्वलसर धबधब्यावर तोंड उघडून उभे राहिले. दरवर्षी सॅमन उड्या मारत आत यायचे. या वर्षी नुसतं पाणी आलं.

सर दोन दिवस तसेच उभे. पोटात कावळे ओरडायला लागले. शेवटी त्यांनी कारकून सशाला हाक मारली.

"नदीचं पाणी घे. सदतीसवर ठेव. परवापर्यंत मासे उगवतात का बघ."

"वा, सर! अनुभव तो अनुभव," ससा म्हणाला.

तात्पर्य: बाळांनो, मोठ्यांची पद्धत कधीच चुकत नाही. मरणारेच चुकीच्या तापमानाचे असतात.