मधला काळा ठिपका

डोळा हा अत्यंत नाजूक अवयव असल्यामुळे त्याला हात लावण्यापूर्वी दीपप्रज्वलन करणे आवश्यक असते. हे तत्त्व ध्यानात घेऊनच ठाण्यात, टेंभी नाक्याजवळच्या एका वातानुकूलित सभागृहात, ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे चष्म्याचा नंबर काढणाऱ्या, बंधुभगिनींसाठी ‘कॉन्टॅक्ट लेन्स : प्रगत प्रशिक्षण’ या एकदिवसीय उपक्रमाचे आयोजन करण्यात आले. (वातानुकूलन बंद होते. पण सभागृहाचा प्रकार वातानुकूलित असाच होता.)

बाकीचे सर्टिफिकेट घ्यायला आले होते. डोंबिवलीचा विनीत मात्र बिचारा शिकायला आला होता.

विनीतचं पूर्वेला चष्म्याचं दुकान. रीतसर शिकलेला, नंबर काढण्यात हात बसलेला, माणूसही बरा. त्याच्याकडे टिटवाळ्याची करिश्मा नावाची मुलगी यायची. तिच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा शंकूसारखा पुढे आला होता. अशा डोळ्याला चष्म्याने भागत नाही, मोजून मापून कडक लेन्स बसवावी लागते. करिश्मा नुकतीच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागली होती, आणि मायक्रोस्कोपमधून तिला सगळं पसरलेलं दिसायचं. मालकाने सांगितलं होतं, महिनाअखेरपर्यंत डोळ्यांचं काय ते बघ, नाहीतर दुसरी नोकरी बघ. विनीतने अशी लेन्स जन्मात कुणाला बसवली नव्हती. तो तिला म्हणाला, “रविवारी ठाण्याला ट्रेनिंग आहे माझं. ते झालं की तुझं करून टाकू.” (आपल्याकडची बरीच कामं अशी करून टाकलेलीच असतात.)

त्याला एकच गोष्ट शिकायची होती. अशी लेन्स घातली की डोळ्यात रंग सोडून निळ्या उजेडात बघतात. डोळा हिरवा चमकतो, आणि लेन्स जिथे डोळ्याला टेकते तिथे मधोमध काळा ठिपका दिसतो. तो ठिपका केवढा असला तर चालतो, आणि केवढा झाला की लेन्स डोळा घासून काढणार? बस्स, एवढंच.

समई काही लागेना, कारण उकाड्यामुळे पंखा चालू होता. मग पंखा बंद करून ती लावण्यात आली, आणि पाहुण्यांना चक्कर आल्यामुळे पंखा पुन्हा चालू करण्यात आला. प्रमुख पाहुणे म्हणाले, मी स्वतः चष्मा वापरतो आणि समाधानी आहे. त्यांना शाल घालण्यात आली. शाल ज्यांनी घातली त्यांना दुसऱ्या एकाने शाल घातली. एकूण वेळेपैकी साठ टक्के सत्कार, तीस टक्के चहा-नाश्ता आणि उरलेला वेळ माईक नीट करण्यात गेला. अशा भक्कम पायावर मग प्रशिक्षण उभं राहिलं.

प्रशिक्षक राकेश सर पूर्वी पाण्याच्या फिल्टरमध्ये होते. पहिलं सत्र ‘ग्राहकाचे मन ओळखा’, दुसरं ‘नाही म्हणणाऱ्याला हो म्हणायला लावा’, आणि तिसरं, जे सगळ्यांनी मन लावून लिहून घेतलं, ‘तक्रार ही तक्रार नसतेच’. पेशंट ‘टोचतंय’ म्हणाला तर आपण म्हणायचं ‘सवयीचा काळ’. ‘लाल झालाय’ म्हणाला तर ‘डोळा लेन्स स्वीकारतोय’. ‘धूसर दिसतंय’ म्हणाला तर त्याच्याकडे बघून हसायचं. सरांनी तीनदा हसून दाखवलं.

विनीतने हात वर केला आणि काळ्या ठिपक्याचं विचारलं.

“व्हेरी गुड क्वेश्चन,” राकेश सर म्हणाले. “याच्यासाठी टाळ्या झाल्या पाहिजेत.” टाळ्या झाल्या. विनीतला एक पेनही मिळालं. उत्तर तेवढं राहून गेलं. चहानंतर त्याने पुन्हा विचारलं, तेव्हा सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “तू फार टेक्निकल जातोस यार. पेशंटला टेक्निकल नको असतं, कॉन्फिडन्स पाहिजे असतो. ते आपण ट्रेनिंगच्या दुसऱ्या स्तरात घेऊ.”

मग प्रात्यक्षिक. प्रत्येकाने शेजाऱ्याच्या डोळ्यात लेन्स घालायची, अशी सूचना झाली. ‘अहो, डोळ्यात काही आहे हे कळतसुद्धा नाही’ असं वर्षभर गिऱ्हाइकांना सांगणारी ही सगळी तज्ज्ञ मंडळी एकजात चष्म्यात होती. शेजाऱ्याच्या हाती डोळा द्यायला कुणी धजेना. एकाला ॲलर्जी निघाली, दुसऱ्याची चतुर्थी निघाली, ठाकुर्लीच्या एका बाईंना नुसत्या कल्पनेनेच पाणी यायला लागलं. अखेर कलिंगडाएवढा थर्मोकोलचा डोळा आणण्यात आला. सगळ्यांनी त्यावर आळीपाळीने लेन्स ठेवली. डोळ्याची एकही तक्रार आली नाही.

शेवटी ग्रुप फोटो. लेन्सतज्ज्ञांचा फोटो आणि सगळे चष्म्यात, हे बरं दिसेना, म्हणून चष्मे काढण्याचा ठराव झाला. चष्मे काढल्यावर कॅमेरा कुठे आहे तेच कुणाला दिसेना. त्यामुळे त्या फोटोत चाळीस माणसं चार दिशांना बघत आहेत. प्रमुख पाहुणे पाठमोरे आहेत.

सर्टिफिकेट आणि फोटो अशा दोन फ्रेमा विनीतच्या दुकानात लागल्या, आणि करिश्मा आईला घेऊन आली. आई हेमाताई. त्यांनी आधी भिंत वाचली. “प्रगत लिहिलंय गं,” त्या लेकीला म्हणाल्या. मग विनीतकडे वळल्या. “झालं ना ट्रेनिंग, डॉक्टर?”

“झालं,” विनीत म्हणाला.

‘मला हे येत नाही, ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात जा’ हे वाक्य त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण एवढ्या मोठ्या फ्रेमखाली उभं राहून तसं बोलणं शोभलं नसतं. त्याने लेन्स घातली, रंग सोडला, निळ्या उजेडात पाहिलं. हिरव्यात मधोमध मसुराएवढा काळा ठिपका. विनीतने तो दोनदा पाहिला आणि निळा दिवा बंद केला.

“टोचतंय सर,” करिश्मा म्हणाली.

“सवयीचा काळ,” विनीत म्हणाला, आणि शिकवल्याबरहुकूम हसला.

पोरीने सोसलं. कारण लेन्सने तिला खरंच दिसायला लागलं होतं. मायक्रोस्कोपमधली एकेक पेशी तिला वेगळी दिसायची, आणि त्या आनंदात ती डोळ्यातलं पाणी ओढणीने टिपत काम करायची. मालकाने तिला कायम करायचं कबूल केलं. मग एका सकाळी डोळा उघडेनाच. ठाण्याच्या हॉस्पिटलात सांगितलं, शंकूच्या टोकावर जखम आहे, बरी होईल, पण व्रण राहील. व्रण राहिला, आणि तो बरोब्बर मधोमध. लेन्स गेली, पाठोपाठ नोकरीही गेली. हेमाताई भांडायला आल्या नाहीत. त्या तिथल्या डॉक्टरांना एवढंच म्हणाल्या, “सर्टिफिकेट होतं हो त्यांच्याकडे.” हे कानावर आलं आणि विनीत दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याला राकेश सरांचा फोन आला.

कारण प्रशिक्षण भरवणाऱ्या संस्थेच्या नियमानुसार, ज्याच्या हातून काही बिघडलेलं असतं तो अनुभवी ठरतो. दुसऱ्या स्तरात विनीतला वक्ता म्हणून बोलावण्यात आलं. विषय ‘गुंतागुंत : एक अनुभव’. समई लावली गेली, शाल पडली, नारळ मिळाला. बोलणं संपल्यावर कल्याणच्या सोनल नावाच्या मुलीने हात वर केला. “सर, तो मधला काळा ठिपका केवढा असला तर चालतो?”

विनीतला आता उत्तर माहीत होतं. तो सांगणारही होता. पण ते सांगायचं तर ते कुठून शिकला हेही सांगावं लागलं असतं, आणि समोर माणसं टाळ्यांसाठी हात सरसावून बसली होती.

“व्हेरी गुड क्वेश्चन,” विनीत म्हणाला.

आता त्याच्या भिंतीवर चार फ्रेमा आहेत आणि गर्दीही चांगली असते. मागच्या आठवड्यात तुम्हीच गेला होतात ना? लेन्समध्ये कोणकोणते रंग आहेत, वर ती धुवायच्या पाण्याची बाटली फुकट मिळेल ना, एवढं विचारून झालं तुमचं. मग चार दिशांना बघणाऱ्या त्या चाळीस माणसांकडे आदराने पाहत तुम्ही म्हणालात, “बरंच मोठं ट्रेनिंग दिसतंय.” आणि हनुवटी वर करून डोळा पुढे केलात.