पाटोळे पाळकांच्या चौकश्या

हरवलेल्या मेंढराच्या दाखल्यावर उपदेश करायचा होता, म्हणून रेव्हरंड पाटोळे यांनी सिन्नर रस्त्यावर स्कूटर थांबवली आणि कळप घेऊन चाललेल्या एका धनगराला विचारले, "शंभरातलं एक हरवलं, तर बाकीची नव्याण्णव रानात सोडून तुम्ही त्याला शोधायला जाल का?"

मी मागच्या सीटवर बसलो होतो. धनगराने आधी पाळकांकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग स्कूटरच्या नंबराकडे.

"सोडू कोनाच्या भरोशावर? तुमच्या?"

"समजा, कोणीच नाही."

"मंग नाय जानार. येकापायी सगळी लांडग्याला द्यायची का?" दोन पावले पुढे जाऊन तो थांबला. "माझी बायको जाईल मातर. तिला दम निघत नाय. नको म्हनलं तरी जाती."

"सापडतं का त्यांना?" पाळकांनी विचारले. तोवर कळप रस्ताभर पसरला होता आणि मागचा ट्रक हॉर्न वाजवत होता. धनगर काठी उचलून मेंढरांमागे गेला. उत्तर मिळाले नाही.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. नाशिक रोडला आमच्या कॉलनीच्या टोकाला एक लहान चर्च होते आणि त्याला लागून पाळकांचे घर. मी एका दैनिकात उपसंपादक होतो. पाळी संध्याकाळची, त्यामुळे सकाळ मोकळी. पाळकांना ते कळल्यापासून माझी सकाळ मोकळी राहिली नाही. मी उपसंपादक आहे, बातमीदार नाही, हे मी त्यांना अनेकदा सांगितले. ते मला शेवटपर्यंत "बातमीदार"च म्हणत राहिले. "चला बातमीदार, चौकशीला जायचंय," असे खालून ऐकू आले की मी चपला घालत असे.

पाळकांचे म्हणणे सोपे होते. शास्त्रात, म्हणजे बायबलात, शेतकरी आहेत, मेंढपाळ आहेत, कोळी आहेत, पीठ मळणाऱ्या बायका आहेत. ही सगळी माणसे नाशिक जिल्ह्यात राहतात. मग त्यांना न विचारता त्यांच्याबद्दल बोलायचे कशाला? सोमवारी ते शास्त्रभाग निवडत, बुधवारपर्यंत चौकशी करत आणि गुरुवारी लिहायला बसत. चौकशी पुरी झाली नाही, तर शास्त्रभाग बदलत. भुते शिरलेली डुकरे पाण्यात बुडाली, त्या गोष्टीच्या वेळी ते जनावरांच्या दवाखान्यात रांगेत जाऊन बसले. यांच्याबरोबर जनावर नाही, हे डॉक्टरांच्या जरा उशिराच लक्षात आले. डुकरांना पोहता येते का, या प्रश्नावर डॉक्टर म्हणाले, "येतं." त्या रविवारी मंडळीने दुसरीच गोष्ट ऐकली.

मंडळीचे सेक्रेटरी साळवे यांना हे मान्य नव्हते. ते रेल्वेतून निवृत्त झाले होते आणि उपासना वेळेवर सुटावी एवढीच त्यांची अपेक्षा होती. मेंढराच्या उपदेशानंतर ते मला नळावर भेटले. त्या रविवारी मी गावाला गेलो होतो.

"धनगराची बायको आणली हो त्यांनी," साळवे म्हणाले. "शास्त्रात बायको नाही."

"मग पुढे काय झालं? मेंढरू सापडलं?"

"मी घड्याळाकडे बघत होतो."

मी पाळकांना विचारले. ते म्हणाले, "बातमीदार, रविवारी यायचं होतं."

याला कारण होते. पाटोळे पाळक उपदेशाचा शेवट आधी लिहीत आणि मग त्याच्याकडे जाणारी वाट शोधत. शेवटासाठी ते खोलीत येरझाऱ्या घालत, जेवणावर लक्ष नसे, भाजीत मीठ नसले तरी कळत नसे. पण हा शेवट ते रविवारच्या आधी कोणासमोर उच्चारत नसत आणि रविवारनंतर पुन्हा सांगत नसत. "आधी बोलला तर शिळा, नंतर बोलला तर उष्टा," हे त्यांचे वाक्य. घरात सराव करतानाही शेवटाशी आले की ते थांबत, ओठ मिटत आणि फक्त मान हलवत. शेजाऱ्यांना खिडकीतून दिसे ते एवढेच, की पाळक भिंतीला होकार देत आहेत.

चौकश्यांचा उपयोग होई, हेही नोंदवले पाहिजे. द्राक्षवेलीच्या उपदेशासाठी आम्ही ओझरजवळच्या एका बागेत गेलो. शास्त्रात फळ न देणारी फांदी काढून टाकायची असते, तेव्हा पाळकांनी विचारले, "फळ न देणाऱ्या काड्या तुम्ही कशा ओळखता?"

"एप्रिलात कोणत्याच काडीला फळ नसतं, पाळकसाहेब," बागायतदार म्हणाले. "माल निघाला की सगळ्याच छाटायच्या. एप्रिलात एकदा, ऑक्टोबरात एकदा."

"चांगल्यासुद्धा?"

"एप्रिलची छाटणी चुकली, तर पुढच्या हंगामात बसा पानं मोजत. बाग तेव्हा भुंडी दिसते. नवीन माणसाला वाटतं, वाळली."

रविवारी त्यांनी हे सगळे जसेच्या तसे सांगितले. अंबडच्या कारखान्यातून कमी केलेला एक फिटर मागच्या बाकावर बसला होता. उपासना झाल्यावर तो पाळकांचा हात बराच वेळ सोडीना. पुढे मंडळीत तो शब्दच रुळला. "कसं काय चाललंय?" या प्रश्नाला कोणी "एप्रिल" म्हटले, की समोरचा जास्त विचारत नसे आणि जाताना डबा पाठवून देई.

आता एस्तेरबाई. त्या पाळकांच्या पत्नी. चर्चच्या मागच्या भिंतीला लागून एक लहान स्वयंपाकघर होते. उपासनेनंतर सगळ्यांना चहा मिळे आणि तो एस्तेरबाई करत. त्या दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसत. उपदेश शेवटाशी आला की पाळक चष्मा काढून पुसत. त्यांनी चष्मा काढला की एस्तेरबाई उठत आणि स्टोव्हवर पातेले ठेवायला जात. मंडळीचे खरे घड्याळ तेच होते. बाई उठल्या की मुले बाकाखाली चपला शोधू लागत आणि साळवे अर्पणाच्या थाळ्या सरळ करत. उपदेश संपे तेव्हा चहा तयार असे. यात कोणाला काही वावगे वाटले नाही. मलाही नाही.

एक शास्त्रभाग मात्र पाळकांनी कधीच घेतला नाही. येशू दोन बहिणींच्या घरी येतो. मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकते, मार्था कामाने दमते आणि तक्रार करते. येशू मरीयेची बाजू घेतो. महिला मंडळाच्या बायका दर वर्षी हाच भाग मागत. पाळक दर वर्षी म्हणत, "चौकशी बाकी आहे."

मी एकदा म्हणालो, "स्टेशनसमोर खाणावळ चालवणाऱ्या बाई आहेत. चला, विचारू."

"त्या नव्हेत," ते म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून पुसला.

पुढे त्यांच्या निवृत्तीचे वर्ष आले. घर रिकामे करून दोघे संगमनेरला लेकीकडे राहायला जाणार होते. पुन्हा कुठे उपदेश करायचा प्रश्न नव्हता. शेवटच्या रविवारचा शास्त्रभाग फळ्यावर लागला, तेव्हा महिला मंडळाला आनंद झाला. मार्था आणि मरीया.

त्या बुधवारी मला खालून हाक आली. मी चपला घालून गेलो, तर स्कूटर झाकलेली होती.

"लांब नाही जायचं," पाळक म्हणाले. "फक्त तुम्ही बसा बरोबर. एकट्याने मला जमणार नाही."

घरात अर्धे सामान बांधलेले होते. एस्तेरबाई जमिनीवर मेथी निवडत बसल्या होत्या. पाळक त्यांच्यासमोर खुर्चीवर बसले आणि धनगराशी बोलताना काढायचे तोच आवाज त्यांनी काढला.

"एस्तेर, एक चौकशी आहे."

"आज धनगर भेटला नाही वाटतं?"

"दोन बहिणी होत्या. एकीचं नाव—"

"माहिती आहे मला. पाळकाची बायको आहे मी."

"मार्था चिडली होती का?"

एस्तेरबाईंनी काडी मोडून बाजूला टाकली. "चिडेल नाही तर काय. एवढी माणसं घरी आली, त्यांना काही नको का? आणि तिला ऐकायचं नव्हतं, असं कुठं लिहिलंय? ऐकायचं होतंच. पण भिंतीपलीकडून आवाज येतो, शब्द येत नाहीत."

त्या मेथीकडे बघतच पुढे म्हणाल्या, "तुमच्या सगळ्या उपदेशांच्या सुरुवाती मला पाठ आहेत. शेवट एकही माहीत नाही. मेंढरू हरवलं, इथवर ऐकलं मी. पुढं काय झालं म्हणून घरी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, रविवारी सांगितलं की."

"तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही मला चौकशीला कधी धरलं?" त्या हसून म्हणाल्या. त्यात राग नव्हता, त्यामुळे ऐकणे अधिक अवघड गेले.

पाळकांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "या रविवारी उठू नकोस."

"आणि चहा कोण करील?"

दोघांनीही माझ्याकडे पाहिले.

रविवारी एस्तेरबाईंनी मला सगळे समजावून दिले. आले किती, साखर किती, दूध केव्हा. "साहेबांनी चष्मा काढला की पाणी ठेवा," त्या म्हणाल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून उपदेश ऐकू लागलो. पाळक मेथीबद्दल बोलले. भिंतीबद्दल बोलले. कोणाची भिंत ते त्यांनी सांगितले नाही, पण महिला मंडळाच्या बाकांवरून बायका मागे वळून पाहू लागल्या. मग पाळकांनी चष्मा काढला. मुले चपला शोधू लागली. साळव्यांनी थाळ्या सरळ केल्या. आणि एस्तेरबाई सवयीने अर्ध्या उठल्या.

"एस्तेर," पाळक व्यासपीठावरून म्हणाले, "बस."

त्या बसल्या. मी आत जाऊन स्टोव्ह पेटवला.

एस्तेरबाईंचे म्हणणे अचूक होते. भिंतीपलीकडून आवाज येतो, शब्द येत नाहीत. पाळकांचा आवाज बराच वेळ येत राहिला, नेहमीपेक्षा खूप जास्त वेळ. माझे पाणी आटले, मी पुन्हा टाकले. मध्ये कोणीतरी एकटेच हसले. मग सगळी मंडळी हसली. मग कोणाचाच आवाज आला नाही, आणि त्या शांततेत माझे दूध उतू गेले.

चहाचे ट्रे घेऊन मी बाहेर आलो, तेव्हा साळवे दारात घड्याळ बघत उभे होते.

"विषय मार्थाचा," ते म्हणाले, "आणि हे जुने शेवट सांगत सुटले. द्राक्षवेलीचा काय, मेंढराचा काय, एकामागून एक. एकदा सांगितलेलंच पुन्हा. विषयाला धरून काही नाही."

एस्तेरबाई त्यांच्या बाकावरच बसून होत्या. लोक येऊन सलाम करत होते, कोणी निरोपाचे बोलत होते, त्या मान हलवत होत्या. मी त्यांच्यापुढे ट्रे धरला. त्यांनी कप उचलला आणि एक घोट घेतला.

"दूध लागलंय खाली," त्या म्हणाल्या.

"बाई, ते मेंढरू सापडलं का?"

"सापडलं," त्या म्हणाल्या. "धनगराच्या बायकोला."