सांडभोर काकांचा गेटवरचा फोटो

सांडभोर काका फोटो काढण्याआधी माणूस पास करतात. नापास झालात तर कॅमेरा खिशात परत जातो आणि तुम्ही कॉलर नीट करायला.

काका दिघीत आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. काकू गेल्यापासून एकटेच. चाकणच्या एका कंपनीत आयुष्यभर क्वालिटी इन्स्पेक्टर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी तळहाताएवढा, पण मोठ्या कॅमेऱ्यांना लाजवणारा महागडा कॅमेरा घेतला आणि प्रत्येक शर्टाला त्याच्या मापाचा खिसा शिवून घेतला. त्याला झूम नाही म्हणून मी हसले, तर म्हणाले, "झूम कशाला? पाय हायेत की. पुढं जायचं."

कारखान्यात पहिला पीस पास झाल्याशिवाय लाइन चालू करत नाहीत. काकांनी तो नियम फोटोला लावला. एक फोटो काढायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि स्क्रीन डोळ्यांजवळ नेऊन कोपरान् कोपरा तपासायचा. "कानावर सावली. रिजेक्ट." तोवर हळदीकुंकवाच्या बायका घरी जाऊन कुकर लावतात. आमच्या कामगार संघटनेचं निवेदन घ्यायला एक साहेब कचेरीतून एकदाचे खाली आले, तेव्हाही काका पहिला पीस तपासत होते. आमच्याकडे फोटो आहे तो साहेबांच्या पाठीचा. मी नको ते बोलले. काका म्हणाले, "पाठ शार्प हाय."

गेल्या वर्षी काकांची ती चाकणची कंपनी दुसऱ्या राज्यात निघाली. कंत्राटी कामगारांना घरी बसवलं, तेही गेटवर एक कागद चिकटवून. आम्ही गेटसमोर ठाण मांडलं. सोमवारी गेट पाडणार असं कळलं आणि शनिवारी दुपारी काका आले, जुन्या युनिफॉर्मला कडक इस्त्री करून. कॅमेरा माझ्या हातात दिला. कंपनीत कॅमेऱ्याला बंदी. फोनच्या कॅमेऱ्यावरसुद्धा वॉचमन स्टिकर लावायचा. इतक्या वर्षांत कंपनीत त्यांचा एकही फोटो निघाला नव्हता. गेट पडायच्या आत एक हवा होता.

माझं डोकं फिरलं. माणसं रस्त्यावर आलीत आणि तुम्हाला फोटो सुचतोय, असं मी सगळ्यांसमोर म्हणाले. काका गेटच्या एका खांबाला लागून उभे राहिले.

"काका, मध्ये या."

"न्हाई, हितंच बरंय."

"अहो, निम्मा फोटो रिकामा येतोय."

"येऊ दे, पोरी."

मी एकदाच बटण दाबलं. काकांनी खूप वेळ पाहिलं आणि पास केला. मग मी सभेसाठी दोन दिवस कॅमेरा मागितला, तोही त्यांनी दिला.

रविवारी पत्रक काढलं. त्यात एक चेहरा हवा होता. काकांचा फोटो फोनवर घेतला, रिकामी बाजू कापली, वर मथळा टाकला: 'आयुष्यभराच्या सेवेचं हेच फळ?' काका कायम कामगार होते, हारतुरे घेऊन रिटायर झाले होते. पत्रकाला एवढं चालतं, असं मला तेव्हा वाटायचं. आणि कॅमेऱ्याचं कार्ड पुसून टाकलं, फोनमधला मूळ फोटोही. पोलिसांनी कॅमेरा किंवा फोन ओढून घेतला तर आत कुणाचे चेहरे सापडू नयेत, ही आमची शिस्त.

सोमवारी जेसीबीनं गेट पाडलं. मंगळवारी मी कॅमेरा आणि पत्रक घेऊन वर गेले.

काकांनी पत्रक उलटंसुलटं करून पाहिलं. "माझ्या डाव्या अंगाचं कुठं गेलं?"

"रिकामंच होतं, काका."

"कार्डात असंल."

कार्डाचं मी सांगितलं. काका ओरडले असते तर बरं झालं असतं. पत्रकाची घडी घालत म्हणाले, "तुज्या काकूला कंपनी बघायची होती. रोजचा डबा जातो कुठं, ते तरी दावा म्हणायची. बाहेरच्याला आत सोडत नव्हते. म्हणून तिच्यापुरती जागा ठिवली हुती."

पत्रकं लिहून माझा हात तयार झालाय, पण मागण्या करायला. माफी मागायला तो उपयोगी पडला नाही.

दिवाळीत फराळाचं ताट घेऊन वर गेले. भिंतीवर नवी फ्रेम होती. मथळा कापून पत्रकातला फोटो एका कडेला डकवलेला, त्यांच्या डाव्या अंगाला नुसता कोरा कागद. काका चहा ठेवायला आत गेले. मी फ्रेमसमोर उभी राहिले. काचेत, त्या कोऱ्या जागेवर, माझंच तोंड दिसायला लागलं. मी बाजूला झाले.