दुभाष्याने सन २०९९ची तारीख सुधारली, त्याची हकिकत

श्री. ज्याच्या कृपेने वीज येते आणि अवकृपेने जाते, त्या विघ्नहर्त्यास आधी नमन. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, वैशाख वद्य तृतीया. दिवस अकरा वाजून दहा मिनिटे. राज्याच्या मुख्य कोठीतून एक गाडी आंबेझरी ठाण्याकडे रवाना जाहली. ती रवाना व्हावयाची नव्हती.

गाडीत सर्पदंशावरील औषधाच्या एकशे वीस कुप्या, बर्फाच्या पेटीत ठेविलेल्या. पेटीतला बर्फ सात तास टिकतो, आणि कुपी आठ अंशांवर गेली की ती औषध राहत नाही, फेकावी लागते. आंबेझरी सहा तासांवर, मध्ये घाट, आणि आंबेझरीचे थंड कपाट नऊ दिवस बंद पडलेले. इतकी गोष्ट राज्यात कोणा ना कोणास ठाऊक होती. ज्याच्या शब्दावर गाडी सुटली त्या दुभाष्यास मात्र ठाऊक नव्हती, आणि त्यास ती ठाऊक होऊ नये ऐसी ओळ ज्या हाताने लिहिली गेली, तो हात शाल्मलीबाई धायगुडे यांचा.

आता हा दुभाषा कोण, ते सांगणे प्राप्त. हे राज्य औषधांचे. ठाणी बेचाळीस, आणि दफ्तरे दोन. जुने दफ्तर तीस वर्षांचे, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे, आणि त्याचे राखणदार त्र्यंबकपंत दाभोळे तळमजल्यावर बसत. नवे दफ्तर दोन वर्षांचे, त्यात नकाशा, त्यावर गाड्यांचे ठिपके, आणि ते तिसऱ्या मजल्यावर. जुने दफ्तर खोकी मोजी आणि नवे कुप्या मोजी, जुने ठाण्यास आकड्याने ओळखी आणि नवे नावाने, त्यामुळे एकाचे दुसऱ्यास कळेना आणि मधली माणसे कागद घेऊन जिने चढत उतरत. मग दिवाण सारंगराव टिळेकर यांनी हुकूम केला की दोहोंमध्ये एक दुभाषा, म्हणजे एका दफ्तराचा मजकूर दुसऱ्यास कळेलसा करणारी आज्ञावली, बसवावा, ज्यास कारागीर लोक अडॅप्टर म्हणतात, आणि त्यास शिकवण्याचे काम शाल्मलीबाईंकडे सोपविले. बाईंनी तीन महिने एकेक खाना जुळविला, कोणता मजकूर कोठून उचलावा, कोठे ठेवावा, कशाचे काय करावे, ऐसे एकशे साठ खाने लावून दिले. कामाच्या चोख. कोणी "चालेल" म्हणाले की त्या "चालेल की चालतं?" ऐसे विचारीत, आणि त्यावरून मजल्यावर त्यांची थट्टाही होई.

मग परीक्षा. राज्याची एक हुबेहूब नक्कल संगणकात उभी केलेली असे, जेथे गाडी निघाली तरी चाक फिरत नाही. तेथे दुभाष्यास जुन्या दफ्तराचे दोनशे खरे खलिते वाचावयास दिले. एकशे त्र्याण्णव नीट पार जाहले आणि सात दारातून परत आले, कारण त्यांवर माल पोचविण्याची तारीख होती एकतीस डिसेंबर, सन दोन हजार नव्व्याण्णव. बाईंनी ती तारीख तीनदा वाचिली. त्या राज्यात रिवाज ऐसा की दोन मजल्यांनी एकमेकांशी समोरासमोर बोलू नये, जे विचारणे ते तिकीट, म्हणजे संगणकावरची चिठ्ठी, लिहून विचारावे, आणि तिकीट त्याच दिवशी बंद व्हावे. न जाहल्यास महिनाअखेरीस दिवाण सर्वांसमक्ष ती यादी वाचून दाखवीत. म्हणोन बाईंनी तिकीट लिहिले, "सात नोंदींची तारीख चुकलेली दिसते, काय करावे?" आणि पंतांकडून अर्ध्या घटकेत उत्तर आले, "तारीख बरोबर आहे. तिकीट बंद." बाई ते घेऊन दिवाणांकडे गेल्या.

दिवाण हसले. "बरोबर कशी? चौऱ्याहत्तर वर्षांनी पोचवायचं औषध? अहो, तेव्हा आपण नसू, सापही नसेल."

"खाली जाऊन एकदा पंतांना विचारू का?"

"तिकीट बंद झालंय ना? मग पुन्हा उघडलं की यादीत येतं. वर्षापुढची तारीख दिसली की आजची घालायची, एवढी एक ओळ टाका. सोमवारी दुभाषा चालू करायचाय मला."

बाईंच्या मनास ते पटले नाही, परंतु हातांनी ओळ लिहिली. पुन्हा परीक्षा केली, दोनशेपैकी दोनशे खलिते पार जाहले, पेढे वाटले गेले, आणि बाईंनी सही केली. सोमवारचा मुहूर्त तीन दिवस पुढे गेला तो निव्वळ दिवाणांच्या प्रवासामुळे, आणि तृतीयेस दहाच्या ठोक्याला दुभाषा बोलू लागला.

दुभाष्यास बेचाळीस ठाण्यांचे तीन गठ्ठे करून दिले होते. पहिला दहास, दुसरा अकरास, तिसरा बारास. दुसऱ्या गठ्ठ्यात आंबेझरी होती. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी आंबेझरीच्या औषधपाल सिंधूताई मडावी यांचा फोन आला.

"ताई, 'गाडी निघाली' असा मेसेज आला बा आमच्याकडं. काऊन पाठवून राहिले? कपाट तर बंद हाय ना आमचं, नऊ दिवस झाले."

"बंद आहे हे कळवलं होतं का तुम्ही?"

"कळवलं म्हणजे? त्याच दिवशी पंतकाकांना फोन केला. ते म्हणाले, 'नव्व्याण्णव टाकतो, निर्धास्त राहा.'"

हे ऐकोन शाल्मलीबाईंनी फोन खाली ठेविला. त्या उठल्या, आणि रिवाज मोडून, तिकीट न लिहिता, तीन मजले उतरून पंतांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. पंत डबा उघडीत होते.

"पंतकाका, नव्व्याण्णव म्हणजे काय?"

"म्हणजे पाठवू नका. या यंत्रात 'थांबवा' असा खानाच नाही, पोरी. तीस वर्षांपूर्वी मागितला, कोणी दिला नाही. मग कपाट बंद पडलं की आम्ही पार पुढची तारीख टाकतो. दुरुस्त झालं की खरी टाकतो. सगळ्या कोठीला माहीत आहे."

"मला नव्हतं माहीत."

"तू विचारलंस तारीख बरोबर आहे का. आहे म्हणालो."

"मी ती चूक समजून आजची केली."

पंतांचा हात डब्यावरच राहिला. "किती ठाणी?"

"आज बंद किती आहेत?"

"सात." आणि पंतांनी पडदा फिरवून दाखविला. एक आंबेझरी, आणि उरलेली सहाही तिसऱ्या गठ्ठ्यात, बारा वाजता सुटणारी.

तेव्हा अकरा वाजून सेहेचाळीस मिनिटे जाहली होती. बाईंनी फोनवरून दिवाणांस सर्व हकिकत सांगितली आणि दिवाण स्वतः बाईंचा लॅपटॉप घेऊन तळमजल्यावर आले, जेथे ते दोन वर्षांत आले नव्हते. ते म्हणाले, "दुभाषा बंद करा. आत्ता." बाई म्हणाल्या, "बंद केला तर आंबेझरीची गाडी परत वळवता येणार नाही. गाडीचं ठाणं बदलायचा हुकूम जुन्या दफ्तरातून निघतो आणि दुभाष्यातूनच जातो. तसं आपणच ठरवलंय. आणि बाराच्या बाकी आठ ठाण्यांचं औषधही अडेल." दिवाण म्हणाले, "मग ड्रायव्हरला फोन करा." पंत म्हणाले, "फोन तुम्हीच कुलपात ठेवायला लावलाय, साहेब, गेल्या वर्षीच्या अपघातापासून. गाडी चालू असताना तो पेटीत असतो."

बाईंनी तोड काढिली ती ऐशी, की दुभाषा चालू ठेवावा आणि ती ओळच बदलावी. नव्व्याण्णव साल दिसले की माल रोखून धरावा, आजची तारीख घालू नये. परंतु राज्याचा दुसरा कायदा आडवा आला, की नकलेत दोनशे खलित्यांची परीक्षा दिल्यावाचून दुभाष्याच्या एकाही ओळीस हात लावू नये, आणि त्या परीक्षेस चाळीस मिनिटे लागत. हातात दहा उरली होती.

"सातच खलिते लावते," बाई म्हणाल्या. "आणि आठवा एक साधा, जो जायलाच हवा."

"कायदा मीच केलाय," दिवाण म्हणाले. "सही कोण करणार?"

"आधीच्या ओळीवर माझीच आहे, साहेब. हिच्यावरही करते."

दिवाण म्हणाले, "माझीही घ्या."

बाईंनी पंतांच्याच खुर्चीत बसून ओळ लिहिली, नकलेत आठ खलिते सोडले, आणि उत्तर आले. आठपैकी आठ रोखले. पंतांनी सुस्कारा टाकिला आणि म्हणाले, "झालं!" बाई म्हणाल्या, "झालं नाही. आठवा जायला हवा होता. हे असंच चढवलं तर बाराचं एकही औषध कोठीबाहेर पडणार नाही." त्यांनी ओळ पुन्हा वाचिली, आणि घाईत नव्व्याण्णव आणि त्याआधीची सगळी साले अटीत धरल्याचे त्यांस दिसले. अट नव्व्याण्णवपुरतीच ठेविली. पुन्हा आठ खलिते सोडले, आणि पडद्यावर गोल फिरत राहिला, आणि दिवाण घड्याळ पाहत राहिले, आणि पंत डब्याचे झाकण उघडीत मिटीत राहिले. सात रोखले, एक गेला. अकरा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी नवी ओळ खऱ्या दुभाष्यावर चढविली. बारा वाजले. तिसऱ्या गठ्ठ्याच्या चौदा ठाण्यांपैकी आठ ठाण्यांच्या गाड्या सुटल्या आणि सहांचा माल कोठीत राहिला. दिवाणांनी कपाळ पुसले. बाईंनी पुसले नाही, कारण त्या नकाशावरील ठिपका पाहत होत्या.

ठिपका आंबेझरीच्या गाडीचा. चालक यादवराव सोनकुसरे, वीस वर्षांच्या नोकरीचा जुना माणूस. त्यास घाटाआधी कवठी फाटा लागणार होता, अडीचच्या सुमारास. फाट्यावरून डावीकडे सोनखांब ठाणे चाळीस मिनिटांवर, तेथील कपाट चालू. उजवीकडे घाट, आणि घाटात ना फोन ना नकाशा. एकदा घाट चढला की आंबेझरीस पोचूनच कळणार, आणि तेथून मागे सोनखांबास यावे तो बर्फ संपलेला. त्यात या कुप्या दोन्ही ठाण्यांच्या वाट्याच्या, आणि पुढचा साठा बावीस दिवसांनी. सिंधूताईंनी फोनवर सांगितले होते की आठवड्यात दंशाचे तीन रोगी त्यांनी सोनखांबास धाडले. या कुप्या गेल्या तर तेथे धाडूनही उपयोग नव्हता.

बारा वाजून तीन मिनिटांनी पंतांनी हुकूम लिहिला, "कवठी फाट्यावरून सोनखांबास वळणे," आणि दुभाष्याने तो नेला, आणि गाडीतल्या पाटीवर, म्हणजे चालकासमोरच्या छोट्या पडद्यावर, तो पोचल्याची खूण आली. वाचल्याची खूण आली नाही. गाडी चालती असता पाटीकडे पाहू नये हाही कायदाच, आणि यादवराव कायद्याचा माणूस.

"कुठे थांबतो तो?" बाईंनी विचारिले.

"फाट्यावर. शेवंताबाईच्या टपरीवर चहाला. पण नेहमीच थांबतो असं नाही," पंत म्हणाले, आणि खणातून एक वही काढिली, जिच्या पुठ्ठ्यास दोरा बांधिलेला होता, आणि तीतून एक नंबर शोधून फोन लाविला. "शेवंताबाई, दाभोळे बोलतोय, कोठीतला."

"बोला की काका! मला वाटलं रिटायर झालात."

"अजून आठ दिवस आहेत. यादवराव येतोय, पांढरी गाडी, निळी पेटी. तो थांबला नाही तरी थांबवायचा. सोनखांबला जा म्हणावं. घाटात जायचं नाही."

"आणि नाहीच थांबला तर? मी काय गाडीपुढं आडवी पडू?"

"हात कर, ओरड, काहीही कर, पण आडवी पडू नकोस."

"बघते. गिऱ्हाईक आहेत हो समोर. पण बघते."

मग वाट पाहणे सुरू जाहले. दिवाणांनी आपली खुर्ची वरून आणविली आणि ते तळमजल्यावरच बसले. पंतांनी डब्यातली अर्धी पोळी बाईंपुढे केली आणि बाईंनी ती हातात धरिली, खाल्ली नाही. पेटीतील उष्मा पडद्यावर दर दहा मिनिटांनी येत असे. एक वाजता पाच अंश, पावणेदोनास पाच पूर्णांक सहा. वैशाखाचे ऊन. दोन वाजता बाईंनी नवे तिकीट लिहिले, "जुन्या दफ्तरात 'थांबवा' हा खाना हवा," आणि पंत ते पाहून म्हणाले, "आज बंद नाही होणार. यादीत येईल."

"येऊ द्या," दिवाण म्हणाले.

दोन वाजून सव्वीस मिनिटांनी ठिपका फाट्याच्या अलीकडे मंदावला. तिघेही उभे राहिले. दोन वाजून अठ्ठावीस मिनिटांनी ठिपका फाट्यावर आला आणि थांबला. पाटीवर खूण बदलली नाही. पंतांनी टपरीचा नंबर लाविला. घंटी वाजत राहिली आणि कोणी उचलला नाही. शेवंताबाई फोन टाकून रस्त्यावर गेल्या, की गिऱ्हाइकांत अडकल्या, हे तळमजल्यावरून कळावयास मार्ग नव्हता. दोन वाजून एकतीस मिनिटांनी ठिपका नाहीसा जाहला. घाटात शिरला तरी ठिपका जातो, आणि सोनखांबच्या रस्त्यास पहिले दोन कोस झाडी दाट असल्याने तेथेही जातो, ऐसे पंतांनी सांगितले.

एकूण हकिकत इतकी, की दुभाष्यास जे शिकविले तेच तो बोलला. तळमजल्यास जे तीस वर्षे ठाऊक होते ते तिसऱ्या मजल्यास तीन जिने उतरून विचारावयाचे राहिले. सहा गाड्या वेळेवर थांबल्या आणि सातवीचे हे ऐसे.

शेवटची नोंद दोन वाजून एकतीस मिनिटांची. पेटीतील उष्मा सहा पूर्णांक दोन अंश. हुकूम पोचला, वाचल्याची खूण नाही. टपरीच्या फोनची घंटी वाजत आहे, आणि शाल्मलीबाईंनी कोठीतला फोन कानास धरिला आहे.