तळघरातला व्हॅनिला

“मायवोरकाकू, अगदी खरं सांगा हं. माझ्या अंगाला कसला वास येतो?”

हा प्रश्न विचारायची अक्कल वेन्डेलाची स्वतःची नव्हती. टिल्डा आणि दुन्या या तिच्या वर्गातल्या दोघींनी ‘हिंमत असेल तर विचारून दाखव’ म्हणून तिला डिवचलं होतं. आता त्या जिन्याच्या वरच्या वळणावर, कठड्याआड, तोंडात हातमोजे कोंबून बसल्या होत्या. कारण मायवोरबाई म्हणजे साधंसुधं प्रकरण नव्हे. स्वीडनच्या कार्लस्टाड शहरातल्या त्या चार मजली इमारतीत देवाला मानणारे थोडे असतील, पण मायवोरबाईंना न मानणारा एकही नव्हता. तळघरातली सामाईक धुलाईखोली त्यांच्या ताब्यात होती, आणि ज्याच्या हाती धुलाईखोली त्याच्या हाती इमारतीची अब्रू!

मायवोरबाईंनी कपड्यांची टोपली पायरीवर ठेवली, डोळे मिटले आणि मांजर दुधाच्या पातेल्याजवळ नेतं तसं नाक पुढे नेलं.

“दंतवैद्याकडे लहान पोरांना चूळ भरायला गुलाबी पाणी देतात बघ,” त्या म्हणाल्या, “त्याचा.”

टोपली उचलून त्या खाली गेल्या. वर दोन घोड्या खिंकाळल्या.

पण वेन्डेला? ती हवेत! सोळा वर्षं ती या इमारतीत राहत होती, आणि मायवोरबाईंनी तिच्याशी अख्खं वाक्य बोलण्याची ही पहिलीच वेळ होती.

तिचं दुखणं बाहेरच्याला कळायचं नाही. वेन्डेला ही न दिसणारी मुलगी होती. वर्गात समोर बसलेली असताना बदली शिक्षकाने तिला गैरहजर लावलं होतं, आणि तिने हात वर केला तो त्याला दिसलाही नव्हता. मग उन्हाळ्यात तिने चौकातल्या टपरीवर स्ट्रॉबेऱ्या विकल्या आणि त्या कमाईतून व्हॅनिलाचं अत्तर आणलं. सोनेरी टोपणाची बाटली, आतला वास असा की एका फवाऱ्यात माणसाभोवती केक तयार व्हावा. शाळा उघडली, ती वर्गात शिरली, आणि अठ्ठावीस माना वळल्या. अर्ध्यांनी नाक धरलं, अर्ध्यांनी ‘कुठला गं?’ विचारलं, पण माना वळल्या. आता ही बाटली तिच्याकडून कोण हिरावून घेणार होतं?

आई.

आईची नोकरी आरोग्यकेंद्रात. तिथे अत्तर लावून येणाऱ्याला बंदी, दारावर तशी पाटीच. घरात आईचा कोट आणि वेन्डेलाचं जाकीट शेजारी शेजारी टांगलेले, आणि वासाला काही शेजारधर्म कळत नाही. एका सकाळी दम्याच्या पेशंटने आईकडे बोट दाखवून जो खोकला काढला, त्यापायी साहेबांनी तिला कपडे बदलायला घरी पाठवलं. वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा! ती आली ती उकळत्या किटलीसारखी.

“वेन्डेला, ही बाटली या घरात राहणार नाही. संपलं.”

“मला तर काही त्रास नाही,” बाबा म्हणाले. “फक्त सारखी भूक लागते.”

“तू गप्प बस.”

बाबा फ्रीज उघडून बघू लागले.

वेन्डेलाचा संताप झाला. रडायचं नाही हे तिने या वर्षी ठरवलंच होतं, म्हणून तिने डोकं चालवलं. आई काय म्हणाली? *या घरात* राहणार नाही. ठीक. मग घराबाहेर राहील! तळघरात धुलाईखोलीला लागून वाळवणाची खोली होती. दोऱ्याच दोऱ्या, आणि भिंतीवर छताशी गरम हवेचा भलामोठा पंखा. त्या पंख्याच्या डोक्यावर वीतभर सपाट जागा. वर बघतं कोण? इथे येणारा माणूस आपली नोंदवलेली वेळ संपायच्या आत चादरी काढायच्या चिंतेत असतो. बाटलीला याहून सुरक्षित जागा बँकेतसुद्धा मिळाली नसती!

रोज सकाळी शाळेत जाताना ती खाली उतरायची, स्टुलावर चढायची, मानेवर दोन फवारे मारायची, तिसरा हिमतीसाठी, आणि निघायची. आईचा कोट स्वच्छ, घरात शांतता. मुत्सद्देगिरी म्हणतात ती हीच, असं तिने टिल्डाला सांगितलंही.

एक गोष्ट मात्र तिच्या मुत्सद्देगिरीतून निसटली होती. पंखा चालू झाला की थरथरतो.

ऑक्टोबर लागला. बाहेर पावसाची रिपरिप, बाल्कनीत काही वाळेना, म्हणून अख्खी इमारत तळघरात उतरली. पंखा सकाळपासून रात्रीपर्यंत घरघरू लागला आणि बाटली इंचाइंचाने सरकू लागली. एका गुरुवारी ती सरकत सरकत मागच्या फटीत पडली, आणि उरलेलं काम पात्यांनी केलं. काच जाळीत अडकली. अत्तर मात्र जाळीवर वर्षानुवर्षं साठलेल्या कपड्यांच्या तंतूंच्या गादीने पोटभर पिऊन घेतलं. आता पंखा लावला की ती गादी तापायची आणि खोलीभर व्हॅनिलाचा गरम ढेकर द्यायची!

शुक्रवारी सकाळी वेन्डेलाला फरशीवर फक्त सोनेरी टोपण सापडलं. तिने ते खिशात टाकलं, आणि त्या दिवसापासून रोज सकाळी पंख्यासमोर मफलर धरून त्यात वास भरून घेऊ लागली. ‘कोणाला काही कळलेलं नाही,’ ती स्वतःला म्हणाली. बिचारी.

पहिला कागद दुपारीच दारावर लागला. या इमारतीत माणसं जिन्यात भेटली की मान हलवून पुढे जातात. जे काय बोलायचं ते धुलाईखोलीच्या दारावर चिकटवतात. मायवोरबाईंनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘संबंधिताने लक्षात घ्यावे की वाळवणखोली ही मिठाईचे दुकान नाही. मैत्रीपूर्ण शुभेच्छांसह.’

मायवोरबाईंच्या रागाला कारणही तसंच होतं. त्यांच्या चादरी, पडदे, टेबलक्लॉथ, सगळं त्या दिवशी दोरीवर होतं. आता त्यांच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा दारात थांबून हवेत नाक उचलायचा, हसायचा आणि ‘अरे वा, काय भाजलंय?’ म्हणत टेबलाशी बसायचा. काही भाजलेलं नाही म्हटलं की त्याचा चेहरा पडायचा. एका आठवड्यात बाईंना चारदा बन भाजावे लागले. त्यांना भाजणं मुळीच आवडत नाही.

दुसरा कागद तळमजल्यावरच्या टोर्ग्नीचा. त्यावरच्या अक्षरांनी कागद फाटला होता. टोर्ग्नी म्हणजे पेन्शनीतला शिकारी. घोड्याहून उंच सांबर, ज्याला एल्क म्हणतात, त्याच्या शिकारीचा हंगाम ऑक्टोबरात येतो. त्याच्या आधी टोर्ग्नी आठवडाभर स्वतःच्या अंगालासुद्धा साबण लावत नाही, हे जिन्यात सगळ्यांना न सांगता कळत असे. कारण एल्कला नाक असतं. आणि याचे शिकारीचे कपडे त्या शुक्रवारी दोरीवर! नंतर त्याने ते बाल्कनीत टांगले, पाइनच्या फांद्यांनी झोडपले, राखेत लोळवले. व्हॅनिला ढिम्म हलला नाही. जंगलात शिकारी मंडळींनी त्याला ‘पुडिंग’ अशी हाक मारली आणि वाऱ्याच्या पार खालच्या टोकाला, जवळजवळ रस्त्यावर, नेऊन उभं केलं. तिथे एक एल्क आलाही. त्याने थांबून वास घेतला, टोर्ग्नीकडे बघितलं आणि निघून गेला. टोर्ग्नीच्या म्हणण्याप्रमाणे, हसून.

तिसरा कागद दुसऱ्या मजल्यावरच्या हामितचा. त्याला तान्ही जुळी होती आणि सहा महिने तो झोपलेला नव्हता. त्याने लिहिलं होतं: ‘वास कृपया राहू द्यावा. मुलं झोपतात.’ त्याच्याखाली कोणीतरी लिहिलं, ‘मुलांना अंगाई म्हणावी.’ त्याखाली, ‘तुम्ही येऊन म्हणा.’ मग दोन तट पडले. कागदावर कागद चढले, आठवड्याभरात दाराचं लाकूड दिसेनासं झालं, आणि प्रत्येक शिवीच्या शेवटी मैत्रीपूर्ण शुभेच्छा होत्या.

दुरुस्तीवाला तीन आठवड्यांनी येणार होता. वेन्डेला येताजाता कागद वाचायची आणि मनातल्या मनात जळायची. आपल्या वासाला हे लोक असं म्हणतात! पण तोंड उघडायची सोय नव्हती. सापडली, तर व्हॅनिला संपला, आणि तिचं ते माना वळणंही संपलं.

मग आला शरद ऋतूच्या साफसफाईचा शनिवार. त्या दिवशी सगळी इमारत दाताळी घेऊन अंगणात उतरते, पानं गोळा करते, मग सॉसेज भाजतात, कॉफी होते. ओल्या पानांत सगळे उभे, आणि सगळ्यांच्या स्वेटरांना, टोप्यांना, मफलरांना एकच वास. डोळे मिटले असते तर वाटलं असतं, एक मोठा केक अंगण झाडतोय.

मायवोरबाईंनी कॉफीचा कप खाली ठेवला आणि जाहीर केलं, की आपली इमारत आजपासून पूर्ण वासमुक्त करावी. जिन्यात, लिफ्टमध्ये, तळघरात कोणीही अत्तर लावून फिरायचं नाही. तशी पाटी मुख्य दाराला लावायची. हात वर करून निर्णय घेऊ. “कोणाचं नाव घेत नाही मी,” त्या म्हणाल्या. “ज्याचं त्याला कळलंय.”

सगळे एकाग्र होऊन सॉसेजकडे बघू लागले. इतके एकाग्र, की वेन्डेलाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

“तुम्हाला माहीत आहे,” ती म्हणाली. या वेळी कोणी डिवचलं नव्हतं. “सगळ्यांना पहिल्यापासून माहीत आहे.”

“पोरी,” टोर्ग्नी म्हणाला, “तू जिना चढलीस की उतरलीस, हे मला अंथरुणात पडल्या पडल्या कळतं.”

“मग तोंडावर का नाही बोललात कोणी?”

मायवोरबाईंना खरोखरच धक्का बसला. “तोंडावर?” त्या म्हणाल्या. “आपण काय भांडतोय का?”

आई हा सगळा वेळ पाठमोरी पानं ओढत होती. तिचे कान लाल झालेले वेन्डेलाला दिसत होते. हा राग आपल्यासाठी राखून ठेवलेला आहे, रात्री पुरवून पुरवून निघेल, याबद्दल तिला शंका नव्हती. पण मायवोरबाईंना राहवलं नाही.

“वळण घरातून लागतं, आनेली,” त्या म्हणाल्या. “घरातच हवा नीट खेळत नसेल, तर तळघरात वास येणारच.”

दाताळं थांबलं. आई वळली.

“माझ्या मुलीच्या अंगाला चांगला वास येतो,” ती एकेक शब्द चावून म्हणाली. “फार चांगला वास येतो. तुमच्या त्या मंगळवारच्या कोबीच्या सूपासाठी आम्ही बारा वर्षं खिडक्या लावून बसतोय, मायवोर. एक कागद लावला का कधी? एक तरी?”

“आनेली, पण तू तर स्वतःच...” बाबा म्हणाले.

“तू गप्प बस.”

हात वर झाले. बंदी हवी असणाऱ्यांचे इतके, नको असणाऱ्यांचे जवळजवळ तितकेच. हामितच्या दोन्ही हातांत जुळी होती, म्हणून त्याने त्यातलं एक वर केलं. तान्ह्याला मत नसतं, असा मायवोरबाईंनी आक्षेप घेतला. मत माझं आहे, मूल फक्त हात आहे, असं हामित म्हणाला. पुन्हा मोजलं, बरोबरी. राहिला एकटा टोर्ग्नी, पुडिंग म्हणून हिणवला गेलेला, यंदा फ्रीजरमध्ये मांसाचा तुकडा नसलेला. वेन्डेलाने डोळे मिटून घेतले.

टोर्ग्नीने सॉसेज शांतपणे चावून गिळलं.

“आज व्हॅनिलाला बंदी घालाल,” तो म्हणाला, “आणि ऑगस्टात माझ्या आंबवलेल्या हेरिंग माशांवर याल. मी ओळखून आहे तुम्हाला. बंदी नको.”

त्या माशांचा डबा उघडला की चिमण्या झाड बदलतात. ठराव पडला! वेन्डेलाने त्या संध्याकाळी तीनदा आरशात बघितलं. आता ती फक्त दिसत नव्हती, तिच्यावर मतदान झालं होतं!

सोमवारी मात्र शाळेच्या बसथांब्यावर टिल्डा आणि दुन्या एकमेकींना धरून हसत होत्या. “अगं, बसमध्ये मागून वास आला,” टिल्डा म्हणाली, “आम्हाला वाटलं तू. ‘ये गं इकडे’ म्हणून जागा केली, वळून बघतो तर तुमची मायवोर! येऊन बसली ना शेजारी!” त्या दोघींच्या मागच्या बाकावर टोर्ग्नीही होता म्हणे. वर्गात वेन्डेला शिरली तेव्हा एकच मान वळली, आणि ती म्हणाली, “माझ्या आजीच्या मैत्रिणीच्या अंगाला अस्साच वास येतो.”

संध्याकाळी टेबलावर ॲपल पाय होता, बाबांनी त्यावर व्हॅनिलाचा सॉस पूर आल्यासारखा ओतला होता, आणि मधोमध एक नवीकोरी बाटली उभी होती. सोनेरी टोपण, त्याला लाल फीत.

“आता ही या घरातच राहणार,” आई म्हणाली. तिच्या गालांवर अजून शनिवारचा लाल रंग होता. “आरशाखाली, सगळ्यांना दिसेल अशी. बघतेच कोण काय कागद लावतं ते.” तिने मनगट पुढे केलं. “आणि मीही लावलाय. कामावरून आल्यावर. जिन्यातून चारदा वर-खाली केलं मुद्दाम.”

वास आला. बाबा भक्तिभावाने खात होते. वेन्डेलाने चमचा खाली ठेवला.

“आई, बाबा, मी ठरवलंय,” ती म्हणाली. “उद्यापासून मी व्हॅनिला लावणार नाही. तो म्हाताऱ्या माणसांचा वास आहे.”